सगळ्यांना एकच ठिपका

मामी कामाच्या वेळी कधी फोन करत नसे. त्यामुळे मंगळवारी सकाळी साडेदहाला तिचं नाव फोनवर दिसलं आणि भाचीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. मामांना पुन्हा झटका आला असणार, दुसरं काही तिच्या मनात आलंच नाही. पण मामी रडत नव्हती. तिचा आवाज खाली उतरला होता. मामी चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझ्या यादीला हात कोणी लावला?” मामी म्हणाली.

भाचीने समजुतीच्या सुरात विचारलं, चुकून काही दाबलं गेलं का. मग मामीने एकेक शब्द वेगळा करून सांगितलं की चौदा महिने ती रोज ती यादी उघडते आणि चौदा महिन्यांत तिने चुकून काही दाबलेलं नाही. आज उघडली तर अकराशे शब्दांच्या जागी त्यांच्या सात गटांची नावंच दिसली, प्रत्येकापुढे एकेक बाण. मग बाणावर बोट टेकवलं तेव्हा शब्द बाहेर आले. आले सगळे, पण सगळ्यांच्या कपाळाला एकच ठिपका.

“येऊन सांग हे काय आहे ते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

बघायला जाण्याची गरज नव्हती. हे काय आहे ते भाचीला पुरतं ठाऊक होतं. ते तिनेच केलेलं होतं.

‘वही’ हे अ‍ॅप तिने आणि तिच्या भागीदाराने पाच वर्षांपूर्वी काढलं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, आणि एक पंखा, जो तीनवर ठेवला की कागद उडत आणि दोनवर ठेवला की माणसं शिजत. वहीत फक्त अक्षरं. ठळक नाही, तिरपं नाही, रंग नाही. लिहिलेलं सगळं लिहिणाऱ्याच्याच यंत्रावर एका साध्या फायलीत राही. या दोघांकडे त्याची प्रतसुद्धा येत नसे. त्याचा त्यांना केवढा अभिमान. पहिल्याच पडद्यावर भाचीने हौसेने एक ओळ घातली होती: तुम्ही लिहाल तेच राहील.

पण गेली दोन वर्षं लोक आउटलायनर मागत होते. म्हणजे ओळीच्या पोटात ओळ घालता यावी, पोटातलं सगळं एका बोटाने मिटून ठेवता यावं, आणि एक ओळ उचलून वर नेली की तिची पिल्लंही मागोमाग जावीत. मागणी रास्त होती. भाचीने तीन महिने खपून ती पुरी केली आणि काम सुबक झालं, यात वाद नाही. एकच अडचण होती. लोक ओळीच्या सुरुवातीला वाट्टेल ते चिन्ह टाकतात, कोणी उणे, कोणी अधिक, कोणी तारा. प्रोग्रॅमरांच्या जगात ही तिन्ही चिन्हं सख्खी भावंडं; तिघांचाही अर्थ एवढाच की इथून नवा मुद्दा सुरू. भागीदार म्हणाला, पडद्यावर भंगारबाजार दिसतो, सगळ्यांना एकच ठिपका देऊन टाकू. तासाभराचं काम होतं. फाइल उघडली की चिन्हं बदलायची आणि बदललेलं तिथल्या तिथे सेव्ह करायचं. सोमवारी संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडली आणि रातोरात चाळीस हजार लोकांकडे आपोआप जाऊन बसली. मंगळवारी सकाळी कौतुकाचे निरोप वाचत दोघं चहा पीत होते.

मामीच्या घरी पोचेपर्यंत भाचीने दोन-तीन वाक्यं तयार केली होती. दारातच ती गळून पडली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मामा बसले होते. त्यांच्यापुढे नेहमीचा ट्रे, त्यात चमचा, कंगवा, किल्ली, साबण, बटण, असल्या चाळीसेक वस्तू. टॅब्लेट ट्रेला टेकवून उभा. मामी ओट्याला पाठ लावून उभी होती. रोज या वेळी दोघांचा सराव चाले. आज चमचा जागचा हलला नव्हता.

मामा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. एकतीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली अर्धा तास उशिरा, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडतंय, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळे. प्रार्थनेच्या दिवशी कीर्तनकार येत, तेव्हाही मागच्या रांगेतून पालुपद उचलणारा पहिला आवाज मामांचाच. चौदा महिन्यांपूर्वी डोक्यातली एक शीर तुंबली आणि हातपाय वाचले, शब्द गेले. समजत सगळं होतं, चेहराही तोच होता, पण पाणी हवं असलं तरी मामा पेल्याकडे बघून नुसते ओठ हलवत. देवाने नेलेलं देवाकडे परत मागायलाही शब्द लागतात, आणि नेमके तेच नव्हते.

पण गाणं राहिलं होतं. हे मामीने शोधलं. एका सकाळी ती कीर्तनातलं पालुपद गुणगुणत असताना मामांनी मागून आख्खी ओळ उचलली, एक अक्षर न चुकता. तेव्हापासून मामीने पद्धत बसवली. ती चाल धरे, ‘आलो तुझ्या दारी, हाती घेऊन’ इथपर्यंत आणे, वस्तू वर धरे आणि थांबे. मामा शेवटची जागा भरत. आलो तुझ्या दारी, हाती घेऊन चमचा. आलो तुझ्या दारी, हाती घेऊन साबण. देवाला काय वाटत असेल देव जाणे, पण शब्द असे एकेक करून येऊ लागले. आधी चालीवर, मग चालीवाचून.

त्याचीच ती यादी. शब्दाआधी उणे म्हणजे अजून येत नाही. तारा म्हणजे गाताना येतो, बोलताना नाही. अधिक म्हणजे बोलताना, आपणहून. आणि अधिकसाठी मामीचा नियम कडक होता: तीन वेगवेगळ्या दिवशी, कोणी न सुचवता शब्द यायला हवा; दोन दिवस आला नि तिसऱ्या दिवशी अडला तर तारा तसाच. अकराशे त्रेचाळीस शब्द आणि प्रत्येकाच्या पुढे त्याचा हा सगळा प्रवास एका चिन्हात. वस्तू कुठली धरायची, चाल कुठे सोडून द्यायची, हे मामी त्या चिन्हांवरून ठरवी.

“तूच म्हणालीस ना,” मामी म्हणाली, “हवं ते चिन्ह टाक, तुझी वही आहे, कोणी हात लावणार नाही.”

भाची तसं म्हणाली होती, दवाखान्याच्या व्हरांड्यात, चौदा महिन्यांपूर्वी. त्यानंतर तिने ती यादी एकदाही उघडून पाहिली नव्हती. येत होती, मामांच्या पाठीवर हात ठेवत होती, कामाच्या गडबडीचं सांगत होती आणि जात होती.

आणि परवा गुरुवार होता. वाचा-उपचार केंद्रात दर तीन महिन्यांनी तपासणी असे. तीन महिन्यांत निदान तीस नवे शब्द बोलताना आले, आणि त्याची नोंद असली, तर उपचार पुढे चालू. नाहीतर ती वेळ रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांग लांब होती. केंद्रातल्या बाईंनी नऊ आठवड्यांपूर्वी यादीची छापील प्रत काढून ठेवली होती. तोवर या तिमाहीचे बाराच शब्द झाले होते. खरी भर त्यानंतरची होती, आणि तीच सगळी आता ठिपके होऊन बसली होती.

मामांनी टॅब्लेटकडे बोट दाखवलं, मग भाचीकडे, आणि तळहात टेबलावर आपटला. ट्रेमधल्या वस्तू खणखणल्या.

भाची जिन्यात गेली आणि तिने भागीदाराला फोन लावला. नवी आवृत्ती आत्ताच्या आत्ता मागे घे, म्हणाली. तो म्हणाला, चाळीस हजारांत तक्रारी अकरा आहेत. पुढच्या आठवड्यात चिन्हं न बदलण्याची सोय देऊ, घाई कशाला. ती म्हणाली, या आठवडाभरात अजून किती जण आपली फाइल उघडतील ते मोज. तो म्हणाला, मागे घेतली तरी गेलेली चिन्हं येणार आहेत का, आपल्याकडे प्रत नसते, हे तूच सगळ्यांना अभिमानाने सांगतेस. हे खरं होतं, म्हणूनच ती भडकली. तुला माणसं दिसतच नाहीत, म्हणाली, तुला पडद्यावरचा भंगारबाजार तेवढा दिसतो. दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी एका रांगेत लावणारा माणूस तू, आणि वर घरधन्याने आभार मानावेत असं वाटतं तुला. तो ऐकून घेत होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाला:

“मी विचारलं होतं तुला. कोणी मुद्दाम वेगवेगळी चिन्हं वापरत असेल का? तू म्हणालीस, कोण कशाला वापरेल.”

जिन्यात वरच्या मजल्यावरचं कोणीतरी पिशव्या घेऊन येत होतं. भाचीने अंग चोरून वाट दिली. ते वाक्य तिला आठवलं, नुसतं नव्हे, ते बोलताना ती नखं कापत होती तेही आठवलं. रागाला तोवर एक दिशा होती. आता तो घरात शिरलेल्या वाऱ्यासारखा आतल्या आत सगळं पाडत सुटला. तिने फोन कापला, पायरीवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला आणि आवृत्ती स्वतःच मागे घेतली. भागीदाराला न विचारता. पाच वर्षांत दोघांनी एकमेकांना न विचारता एवढं मोठं काही केलं नव्हतं. त्याचा संदेश लगेच आला: हे बरोबर केलं नाहीस. तिने उत्तर लिहिलं, ‘ठाऊक आहे’, आणि पाठवलं.

बुधवारी ती सकाळीच मामीकडे हजर झाली. छापील प्रत केंद्रातून आणली होती. तिच्यावरून जुनी चिन्हं दोघींनी दुपारपर्यंत परत टाकली, यादी आता कागदावर, पेन्सिलीने. उरले नऊ आठवडे. भाचीचा हिशेब सरळ होता: मामा समोर आहेत, विचारू, जे बोलतील त्याला अधिक. मामीने नकारार्थी मान हलवली. आज बोलले तर तो एक दिवस झाला. तीन दिवस कुठून आणणार.

मग भाची म्हणाली, तुला तर सगळे शब्द तोंडपाठ असतील, आठवून टाक. उद्या बाई काय घरी येऊन बघणार आहेत का?

मामीने पेन्सिल खाली ठेवली.

“असतील पाठ. बरेचसे असतील,” ती म्हणाली. “पण अंदाजाने अधिक मारायचा नाही. मी खोटा अधिक मारला, तर उद्या ती बाई ह्यांना तोच शब्द विचारणार आणि हे तोंड उघडून बसणार. चार माणसांत. मग ते तोंड परत उघडतील का? तुला काय, तुझी फाइल. ह्यांची जीभ आहे ती.”

भाचीचा जीव तडफडत होता, कारण मामी खोटं बोलायला तयार झाली असती तर ती स्वतः मोकळी झाली असती. मामीने तेवढीही फट ठेवली नाही.

दुपारनंतर त्यांनी विचारायला सुरुवात केली, निदान पहिला दिवस तरी पडेल म्हणून. एरवी मामी दिवसाला पंचवीस शब्द घेई. त्या दिवशी सत्तर झाले तेव्हा मामांचे ओठ पांढरे पडले होते. एकाहत्तरावा कंगवा. मामी चाल गुणगुणली, कंगवा वर धरला. मामांनी तो तिच्या हातातून घेतला आणि भाचीच्या अंगावर भिरकावला. नेम चुकला. कंगवा भिंतीवर लागून सिंकमध्ये पडला. मामी त्याला हात लावेना. भाचीने उठून तो धुतला, पुसला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. त्या दिवसाचा सराव तिथेच संपला.

गुरुवारी केंद्रातल्या बाईंच्या टेबलावर मामीने दोन कागद ठेवले. छापील प्रत आणि पेन्सिलीची यादी. तिने एकच गोष्ट सांगितली, की नऊ आठवड्यांची नोंद गेली आणि तिने ती बनवलेली नाही. मग भाची पुढे झाली. ती हळू बोलायचं ठरवून आली होती, पण पहिल्या वाक्यालाच आवाज फाटला. चूक माझी आहे, म्हणाली, ह्यांची नाही, अ‍ॅप माझं आहे, मी न विचारता तीन चिन्हांचं एक केलं. शिक्षा करायची तर मला करा, ह्यांची वेळ का काढून घेता. बाईंनी चष्मा काढला. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाहेर रांगेत एक गवंडी आहे, बत्तीस वर्षांचा, त्याला आपल्या मुलीचं नाव घेता येत नाही. ही वेळ त्यालाही हवी आहे. नोंदीशिवाय मी त्याला काय सांगू?

यावर रागावता येत नव्हतं. त्यामुळे भाचीचा राग आणखीच वाढला.

शेवटी बाईंनी स्वतःच वस्तूंची आणि चित्रांची पेटी काढली. म्हणाल्या, तिमाहीतले वीस शब्द तुम्ही सांगा, मी विचारते, पंधरा आले तर मी वर बोलून बघेन. मामीने शब्द सांगितले. चाल नाही, गुणगुणणं नाही, नुसती वस्तू आणि प्रश्न. मामांनी पहिले सात धडाधड दिले. त्यात ‘फलाट’ होता. चित्र बघून त्यांनी तो असा पुकारला की दारातून जाणारी परिचारिका थबकली. मग दोन अडले. मग चार आले. मग ‘किल्ली’ अडली, आणि ‘किल्ली’ तर तिच्या मते दीड महिना जुना अधिक होता. शेवटी तेरा झाले.

बाईंनी कागद सारखे केले. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं, आणि नियम काय आहे तेही. मामी उठायला लागली. तिने मामांच्या कोपराला हात लावला.

मामांनी कोपर काढून घेतलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेवरची शीर फुगली होती, आणि ते बाईंकडे बघत होते, एकतीस वर्षं खिडकीत येऊन घाई करणाऱ्या लोकांकडे बघत असतील तसे.

“थांबा,” मामा म्हणाले. मग बराच वेळ नुसते ओठ. मग: “वि... विचारा. अजून विचारा.”

मामीने यादीकडे पाहिलंच नाही. तिला बघायची गरज नव्हती. ‘थांबा’ आणि ‘विचारा’ त्या यादीत कुठेच नव्हते. त्यात वस्तूच होत्या, क्रियापदं अजून सुरूही केली नव्हती.

बाईंनी चष्मा घातला आणि आणखी वीस वस्तू काढल्या. त्यातले अकरा आले, बाकीच्यांवर मामांनी टेबल ठोकलं. बाईंनी पंधराच्या हिशेबाचं पुढे काही काढलं नाही. वर बोलून आल्या. सहा आठवडे मिळाले. नोंद पुन्हा पहिल्यापासून करायची, आणि ती करणारं माणूस रोज असलं पाहिजे. मामी एकटी वस्तू धरणार, चाल धरणार आणि लिहिणार, हे होणार नाही. मग त्यांनी गवंड्याचं काय करता येईल ते बघण्यासाठी दुसरी वही उघडली.

“ही लिहील,” मामी म्हणाली. भाचीकडे न बघता. “सकाळी सातला. कागदावर.”

संध्याकाळी भाची कामाच्या खोलीवर गेली. भागीदार एकटाच बसून त्या अकरा तक्रारवाल्यांना एकेक पत्र लिहीत होता. आता ते सव्वीस झाले होते. एक बाई नाटकात पडद्यामागून संवाद सांगत असे. तिच्या चिन्हांवरून कोणत्या नटाला कधी सुचवायचं ते तिला कळे. एक जण मधमाश्या पाळे. भागीदाराने मान वर केली नाही. तिने दुसऱ्या बाजूने यादी घेतली आणि शेवटच्या नावापासून पत्रं लिहायला बसली. दोघांत एवढंच बोलणं झालं की ‘क्षमस्व’ पुरेसं नाही, काय केलं आणि का केलं ते सरळ लिहायचं, आणि पहिल्या पडद्यावरची ती ओळ काढायची. ओळ काढताना त्याने विचारलं, तिच्या जागी काय घालू? ती म्हणाली, काही नको, रिकामी राहू दे.

शुक्रवारी सकाळी तिची बस चुकली. ती धावतपळत पोचली तेव्हा टेबलावर ट्रे मांडलेला होता, मामा अंघोळ करून बसले होते, मामी ओट्याशी उभी होती आणि तिने वळूनही पाहिलं नाही. भाचीने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि ट्रेमधली पहिली वस्तू, बटण, वर धरली.

मामांनी बटणाकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून बारा मिनिटं. मग भाचीकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून.

“उशीर,” ते म्हणाले.

भाचीने मामीकडे पाहिलं. मामीचा हात नळावर थांबला होता.

“बघतेस काय,” मामी म्हणाली. “लिही.”